पाठमोरा ड्रिल मास्तर

“मास्तर, उद्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिलात तर शाळेची अब्रू जाईल,” रावसाहेब म्हणाले. रावसाहेब मुलींच्या शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. दुसऱ्या दिवशी पुण्याहून इन्स्पेक्ट्रेसबाई येणार होत्या. लेझीम बघून त्यांनी मान डोलावली तर मुलींची ड्रिल टाइमटेबलात राहणार, नाहीतर बंद.

भिंतीची भानगड आधी सांगतो. माझी नोकरी सोलापुरातच, मुलांच्या हायस्कुलात. मुलींना मी सकाळी हौसेनं फुकट शिकवत असे. मुली बहुतेक विणकरांच्या, तेलुगू घरांतल्या. एरवी त्या वेळी त्या घरी कांड्या भरत, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळून देत. त्यांतल्या राजम्माची आई नरसूबाई पहिल्याच दिवशी शेजारणी घेऊन मैदानावर आली.

“शिकवा की मास्तर, आमी न्हाय म्हनत न्हाय. पन पोरींकडं पाठ करून.”

“पाठ करून कसं शिकवायचं?”

“ते तुमी बगा. मास्तर तुमी का आमी?”

तेव्हापासून मी भिंतीशी बोलू लागलो. मी हात उचलायचा, मागे मुलींनी तसाच उचलायचा. बरोबर-चूक मी कानानं ठरवी. लेझमीतला पहिला धडा ‘चार आवाज’. चार आकडे मोजायचे आणि प्रत्येक आकड्याला एक खणखणीत ठोका. कोणाचा ठोका मागे पडला ते मी न बघता ओळखतो, अशी माझी समजूत होती. एकदा दरडावलं, “राजम्मा, तुझा चौथा मागं पडतोय!” मागं रोज पहाऱ्याला बसणारी नरसूबाई म्हणाली, “ती घरी हाय मास्तर. ताप आलाय.” त्यानंतर मी नावं घेणं सोडलं.

तर रावसाहेबांचा हुकूम घेऊन मी नरसूबाईकडे गेलो. एका दिवसापुरती परवानगी मागितली.

“एकच दिवस,” ती म्हणाली. “पन बाई न्हाय म्हनल्या, तर राजम्मा परत कांड्यावर बसनार. मग मला सांगायला येऊ नका.”

राजम्मा दारातच उभी होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला घरी येऊन जेवण गेलं नाही. वर्गात तिच्याइतकी लेझीम कोणालाच येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मांडवात इन्स्पेक्ट्रेसबाई, शेजारी रावसाहेब, समोर मुलींच्या रांगा. मांडवाच्या कडेला, शाळेच्या भिंतीला पाठ लावून मी. शिट्टी मारली. अटेन्शन झकास झालं. मग मी मोजायला लागलो.

“एक, दोन, तीन...”

पहिल्या रांगेतली एक मुलगी फिसकन हसली. मी डोळे वटारले. दुसरी फिसकली. बघता बघता सगळा स्क्वॉड हसून वाकला. लेझमी कशाही वाजू लागल्या. मला काही कळेना, म्हणून मी आणखी जोरात मोजू लागलो. मुली आणखी हसू लागल्या.

झालं होतं असं. मोजताना ‘तीन’ला माझा डावा डोळा मिटतो आणि ‘चार’ला जीभ बाहेर येते. बायकोला हे लग्नापासून माहीत होतं. मुलांच्या शाळेत माझ्या हातात छडी असे, त्यामुळे ही बातमी माझ्यापर्यंत कधी पोचली नव्हती. मुलींनी वर्षभर फक्त माझी पाठ पाहिली होती, आणि पाठीला जीभ नसते.

रावसाहेब घाम पुसत होते. इन्स्पेक्ट्रेसबाई उठायच्या बेतात होत्या. तेवढ्यात कुंपणापलीकडून नरसूबाई ओरडली, “मास्तर, तिकडं तोंड करा की!”

मी मुकाट्यानं भिंतीकडे वळलो. पण पुन्हा मोजायचा धीर होईना. माझ्यापायी पोरींची ड्रिल गेली, एवढंच डोक्यात होतं.

मागून कोणीतरी मोजू लागलं. “ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू.” राजम्मा. तेलुगूत. आणि प्रत्येक आकड्याला सगळ्या लेझमी एकदम वाजल्या. मग पुन्हा. एकही ठोका मागे नव्हता. माझ्या डोळ्यांना धार लागली. भिंतीकडे तोंड असल्याचा एवढा फायदा मला कधी झाला नव्हता.

खेळ संपल्यावर बाईंनी विचारलं, “ही मुलगी कोण?” मी न वळताच नाव सांगितलं.

“वर्ग चालू राहू द्या,” बाई म्हणाल्या.

रावसाहेबांनी चाचरत विचारलं, “आणि मास्तर?”

“तेही राहू देत. असेच.”

दुसऱ्या सकाळी मैदानावर नरसूबाई स्वतः माझ्यापाशी आली. म्हणाली, “मास्तर, आजपास्नं पोरींकडं तोंड करा. मला तुमचा भरोसा आला.”

मी हात जोडले आणि भिंतीकडे वळलो. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की मास्तरानं नेहमी स्क्वॉडकडे तोंड करून उभं राहावं. ज्यांनी ते शिकवलं त्यांनी माझं तोंड पाहिलं नसावं.