ओतून दिलेलं पाणी

राजस्थानच्या सीमेवर, वाळवंटातल्या एका पोस्टवर आम्ही अकरा जण होतो. मी हवालदार, पाण्याची जबाबदारी माझी. चार दिवसांतून एकदा पाण्याचा बाउझर, म्हणजे टँकर, यायचा. दाढीला अर्धा मग, आंघोळ आठवड्यातून एकदा, भांडी वाळूने घासायची. नारपोलीत नळावरची भांडणं बघत वाढलेल्या मला हे जड गेलं नाही, याची मला जरा घमेंडच होती.

नाईक काशिनाथ माझ्या हाताखाली होता. अंबाडीकडचा, आमच्याच तालुक्यातला. म्हणून चारचौघांत मी साहेब, एरवी दादा.

मे महिन्यातल्या एका सकाळी नऊला रेडिओवर निरोप आला.

"बाउझर निकल चुका है. ग्यारह बजे पहुँचेगा. ओव्हर."

आमच्या घरी ताजं पाणी येणार म्हटलं की शिळं ओतून भांडी घासायची पद्धत. ती खोड फौजेतही सुटली नव्हती. दोन ड्रममध्ये थोडं थोडं पाणी होतं. मी ओतायला सांगितलं.

"दादा, गाडी दिसू दे की. पानी चांगला हाय अजून."

"शिळं आहे. ओत. ऑर्डर आहे."

त्याने ओतलं.

साडेदहाला वाळूचं वादळ उठलं. बाउझर वाटेत रुतला. आमच्याकडे एकच जेरीकॅन उरला. तो काशिनाथच्या मोर्च्यात, वाळूच्या पोत्यांच्या खंदकात, सावलीला ठेवला. दर दोन तासांनी मी प्रत्येकाच्या मगात घोटभर ओतून पुढे जायचो आणि फेरी संपली की जेरीकॅन परत तिथेच ठेवायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला काशिनाथ कोसळला. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. पाणी तोंडाला लावलं, त्याला गिळवेना. पावणेपाचला तो गेला. साडेपाचला बाउझर पोचला.

जेरीकॅन उचलला तर माझ्या मोजणीपेक्षा पाणी जास्त. शेजारच्या मोर्च्यातल्या जवानाने मान खाली घालून सांगितलं, काशिनाथ आपला वाटा परत त्यातच ओतायचा. वर म्हणायचा, "दादांना सांगू नको. त्यांच्या मनाला आधीच लागलाय."

आता मी नारपोलीत असतो. सकाळी नळ आला की शेजारची सून कालचा भरलेला हंडा मोरीत उपडा करायला निघते. मी ओरडतो.

"काका, शिळं हाय ते!"

"असू दे. राहू दे."

म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, म्हणतात. म्हणोत.

दरवर्षी मे महिन्यात अंबाडीला काशिनाथच्या आईकडे जातो. तो उन्हाने गेला, एवढंच तिला ठाऊक आहे. ती आधी तांब्याभर पाणी पुढे करते. मी ते शेवटच्या थेंबापर्यंत पितो. ड्रमचं अजून सांगितलेलं नाही.