खुशालीचे बेचाळीस प्रश्न

माझ्या नातीला वाटतं, आजी मोठी विदुषी आहे. नावाआधी 'डॉक्टर' लावते आणि थर्मामीटर वाचता येत नाही, हा तिचा आवडता विनोद. ती पदवी मला कशी मिळाली हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. इथे लिहायला हरकत नाही. आमच्या हैदराबादेतली मुलं मराठी बोलतात फाडफाड, त्यातही निम्मं तेलुगू, पण वाचायला घेतलं की दुसऱ्या ओळीला दमतात. तिच्या हाती हा कागद लागला तरी धोका नाही.

तेव्हा मी पंचेचाळिशीची होते आणि माझ्याइतकी शहाणी बाई हैदराबादेत दुसरी नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं. नारायणगुड्यातल्या एका मुलींच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. कडक खळ घातलेली पोचमपल्ली साडी, खांद्याला कापडी पिशवी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बसमध्ये कंडक्टरसुद्धा मला 'मॅडम, जरा सरका' असं घाबरत म्हणायचा. वर्षानुवर्षं मी मुलींना भीती, भ्रम आणि उदासीनता शिकवत आले होते. मग बाहेरच्या देशांतून नवीन वारं आलं. माणूस आजारी का पडतो ते पुष्कळ झालं, तो सुखी कशानं होतो ते शोधा. मी तर हुरळूनच गेले. देशात सगळंच नवीन येत होतं. घरात केबलची तार आली होती, गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता. मग सुखाचं शास्त्र आलं तर बिघडलं काय? मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं.

आमचे हे कुकटपल्लीच्या पुढे एका सरकारी कारखान्यात टूल रूममध्ये होते. दुसऱ्या मशीनांचे भाग कापायला लागणारी हत्यारं तिथे बनत. केसाच्या दहाव्या भागाएवढी चूक त्यांच्या बोटाला कळायची. पोळपाट सरळ नाही, हे ते पोळी लाटताना बघून सांगत. पण बाहेरून स्वस्त माल येऊ लागला, कारखान्यातली मशीनं अर्धा अर्धा दिवस बंद राहू लागली, आणि एक दिवस स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लागली.

"घेऊ का नको?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्ही काय लोखंड घासायलाच जन्माला आलात?" मी म्हणाले. "मनात किती गोष्टी राहून गेल्या असतील तुमच्या!"

"कुठल्या?" ते म्हणाले. थट्टेनं नाही, खरंच विचारत होते.

मी घडाघडा यादी म्हणून दाखवली. बागकाम, संगीत, प्रवास, समाजसेवा. ही यादी माझ्या पुस्तकांत होती. ते मान हलवत ऐकत राहिले, जणू दुसऱ्याच कुणाची हरवलेली बॅग ओळखायला त्यांना बोलावलं होतं. आठवड्याभरात त्यांनी सही केली. माझ्या शास्त्राचा हा पहिला विजय.

दुसरं म्हणजे, मला प्रबंधाला विषय मिळाला. 'मुदतीपूर्वी नोकरी सोडलेल्या पुरुषांचे मनोकल्याण'.

"मनो काय?" सासूबाईंनी विचारलं. मुलगा शिकायला बाहेरगावी, घरात आम्ही तिघंच. सासूबाई जुन्या शहरातल्या. त्यांच्या मराठीला निजामाच्या काळची कल्हई होती.

"मनोकल्याण. म्हणजे माणूस आतून बरा आहे की नाही, ते."

"मग खुशाली म्हण की गं. उगं कशाला जड करायलीस? अन् ते कळायला कागद कशाला लागतो? तोंडाकडं बघावं माणसाच्या."

"तोंडाकडे बघून शास्त्र होत नाही, आई."

हे वाक्य मी खरोखर उच्चारलं होतं. आज आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

प्रश्न बेचाळीस तयार केले. मराठीत, तेलुगूत आणि हिंदीत. 'सकाळी उठल्यावर दिवसाबद्दल उत्सुकता वाटते.' 'माझा कुणाला तरी उपयोग आहे.' अशा प्रत्येक वाक्यापुढे पाच चौकटी, 'अगदी खरं'पासून 'अजिबात नाही'पर्यंत. मधूनमधून उलटी वाक्यं पेरली होती. 'पुष्कळदा वाटतं, आपण नसतो तरी चाललं असतं.' इथे 'अजिबात नाही'ला जास्त गुण. कुणी आंधळेपणानं खुणा करत गेला तर तो या उलट्या वाक्यांत सापडावा, ही युक्ती. सुलतान बाजारातून गठ्ठाभर झेरॉक्स काढून आणल्या.

गुण मोजायला किल्ली लागते. म्हणजे भोकं पाडलेला पुठ्ठा. उत्तराच्या कागदावर तो ठेवायचा आणि भोकांतून दिसणाऱ्या खुणा मोजायच्या. माझा पुठ्ठा वेडावाकडा झाला. ह्यांनी तो बघितला आणि काही न बोलता कपाटातून सासूबाईंच्या गुडघ्याच्या एक्स-रेची जुनी फिल्म काढली. स्केल, टोच्या, हातोडी घेऊन दोन दिवस बसले. तशी देखणी किल्ली विद्यापीठातही कुणाकडे नसेल. प्रत्येक भोक चौकटीवर अस्सं बसायचं. मधे अंधुक गुडघा. "हे उलटं आहे का?" ते प्रत्येक वाक्याला विचारत आणि मी कौतुकानं समजावून सांगत असे. पुढे दुपारी गुण मोजायलाही तेच माझ्याबरोबर बसायचे. मी प्रस्तावनेत त्यांचे आभार मानायचं ठरवून टाकलं.

माणसंही त्यांनीच आणली. बरोबर सुटलेले कारखान्यातले दोस्त. ते कोरे कागद घेऊन इराणी हॉटेलात जात आणि भरून आणत. कागदांवर चहाच्या कपाची वर्तुळं उठलेली असत. मला त्यात जीवन दिसायचं! शेवटी एकोणीस नंबरचा माणूस गळाला आणि एक कमी पडला.

"मी आहे की," हे म्हणाले.

संशोधन करणाऱ्यानं घरचा माणूस घ्यायचा नसतो. हे मी मुलींना शिकवत होते. पण मुदत जवळ आली होती आणि घरच्या माणसाला बस पकडून भेटायला जावं लागत नाही. त्यांनी जेवणाच्या टेबलावर बसून कागद भरला. मी किल्ली ठेवली आणि मोजले. सगळ्या यादीत सर्वांत सुखी माणूस माझ्या घरात राहत होता.

मी आनंदानं त्यांच्या पाठीवर थाप मारली. ते हसले.

त्याच दिवसांत आमच्या घरातल्या वस्तू फार मोडू लागल्या. मिक्सर बंद पडला. सासूबाईंच्या चष्म्याची काडी वाकली. शिवणयंत्राचा पट्टा तुटला, तोही सुरीनं कापल्यासारखा सरळ. हे बसून एकेक दुरुस्त करायचे. एकदा मी लवकर घरी आले, तर सासूबाई स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाचा स्क्रू पिळत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर.

"आई, हे काय?"

"चूप. तो भाजी आणायला गेलाय. त्याला काम नको का? हात रिकामे राहिले की तो मरतो गं."

मी त्यांना तिथेच व्याख्यान दिलं. असं खोटं काम देणं म्हणजे माणसाला परावलंबी करणं, त्यानं नवीन अर्थ शोधायचा असतो, आणि आई, ते उत्तम आहेत, माझ्याकडे कागद आहे. त्या स्टुलावरून उतरल्या. म्हणाल्या, "तुझा कागद जाळ."

मग त्यांनी स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर काढून ठेवला. नळ गळू लागला. एक दिवस, दोन दिवस. आठ दिवस झाले. हे समोर खुर्ची टाकून बसायचे आणि थेंब पडताना बघायचे. हातोडीला, पान्याला हात लावला नाही. सासूबाई मला म्हणाल्या, "बघ, तो संपायलाय." त्या वेळी मी तोंडी परीक्षेची तयारी करत होते. परीक्षकांपुढे उदाहरण म्हणून मी क्रमांक एकोणीसचा, म्हणजे ह्यांचाच, कागद वाचून दाखवणार होते आणि दाखवलाही. 'नवीन परिस्थितीशी पूर्ण जुळवून घेतलेला पुरुष.' परीक्षक प्रसन्न झाले. नळ मी येताना प्लंबरला सांगून दुरुस्त करून घेतला.

पंधरा दिवसांनी एका सकाळी हे आंघोळीला गेले ते बाहेर येईनात. पाण्याचा आवाजही नाही. हाका मारल्या, दार ढकललं. कडी लावलेलीच नव्हती. ते लाकडी पाटावर बसले होते, कोरडे. बादली पुढ्यात, पाणी गार झालेलं.

"अहो, काय झालं?"

"तांब्या उचलवत नाही," ते म्हणाले. लहान आवाजात, शरमेनं.

मनाच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं रिक्षातून गेलो. सासूबाईंनी रिक्षाभर त्यांचा हात सोडला नाही. डॉक्टर वयानं माझ्याहून लहान होते.

"आपण काय करता?" त्यांनी मला विचारलं.

"मानसशास्त्र शिकवते."

"अच्छा. हे कधीपासून आहे?"

बेचाळीस प्रश्नांत हा नव्हता.

"दीड वर्ष झालं," सासूबाई म्हणाल्या. "कारखाना सुटला तेव्हापासून. आधी शीळ बंद झाली. मग भांडण बंद झालं. मग मीठ कमी पडलं तरी बोलंना झाला."

त्यांनी बोटं मोजत सांगितलं आणि डॉक्टर भराभर लिहून घेत होते. मग त्यांनी एक छापील कागद आणि पेन ह्यांच्यापुढे ठेवलं. खुणा करा म्हणाले, घाई नाही, आणि आत कुणाशी तरी बोलायला गेले. ह्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. टूल रूममध्ये हत्याराचा नकाशा बघायचे तसा, वरपासून खालपर्यंत तपासला. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले,

"यातली उलटी कुठली गं?"

मला कळायला वेळ लागला नाही. तेवढं मानसशास्त्र मला येत होतं. किल्ली त्यांनी केली होती. प्रत्येक भोक त्यांच्या हातानं पाडलं होतं. माझ्यापुढे बसून सुखी माणूस कुठे खूण करतो ते त्यांनी शंभरदा मोजलं होतं. आणि मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही सुखी आहात का, आणि उत्तर बघून नाचले होते.

"मग माझा कागद—" मी म्हटलं.

"तुझी मुदत जवळ आली होती ना," ते म्हणाले.

ते औषधं घेऊ लागले. महिन्याभरानं त्यांचा टूल रूममधला दोस्त भेटायला आला. फळं घेऊन आला, चहा घेतला, आणि मला धीर द्यायला म्हणून हसत म्हणाला, "भाभी, दिलदार आदमी है ये. होटल में सबकू बिठाके बताया था, इधर इधर टिक मारो, मेरी बेगम की डिगरी है. हम लोगां मार दिये."

"आणि खरं काय होतं?" मी विचारलं.

त्यानं कप बशीत ठेवला. "हाल तो सबका खराबच था, भाभी. पन आपका काम था ना."

म्हणजे एकट्या एकोणीस नंबरचं नव्हतं. माझ्या प्रबंधातले सगळे सुखी पुरुष इराणी हॉटेलच्या एका टेबलावर, माझ्यावरच्या मायेपोटी जन्माला आले होते. उलट्या वाक्यांची युक्ती तर त्यांना चहाबरोबर समजावून दिली गेली होती.

मी विद्यापीठात जाऊन हे सांगायला हवं होतं. मी पदवीदान समारंभाला गेले. काळा झगा घातला, फोटो काढला. पुढची दोन वर्षं मला कारखान्यांतून बोलावणी येत होती. नोकरी सोडणाऱ्यांपुढे दोन शब्द बोला, म्हणजे ते घाबरणार नाहीत. आणि मी बोलले. माणसं पुढे ओळीनं बसायची, हात मांडीवर ठेवून. कुणाच्या तोंडाकडे मी बघत नव्हते. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं. सासूबाईंनी त्या फोटोकडे बघून एवढंच म्हटलं, "झगा छान बसलाय." त्यानंतर त्या माझ्याशी वाईट वागल्या नाहीत, फक्त मला काही सांगायच्या बंद झाल्या. वर्षभरात गेल्या. मग घरात मोडतोड करणारं कुणी उरलं नाही.

हे आणखी नऊ वर्षं होते. औषधांनी तांब्या उचलायला लागले, भाजी आणायला लागले. शीळ परत आली नाही. मी नोकरी सोडून घरी बसले. आता तरी त्यांच्याकडे बघू, असं ठरवलं. बघत होते. ते खुर्चीत, मी खाटेवर, समोर सोसायटीची पाण्याची टाकी. एका दुपारी मी विचारलं,

"कसं वाटतंय आज?"

त्यांनी मान वळवली. डोळ्यांत मदत करायची तीच तयारी.

"तुला काय हवंय?"

"मला काही नको. पदवी मिळाली ना, संपलं ते. आता खरं सांगा."

त्यांनी प्रयत्न केला. कपाळाला आठ्या पडल्या, बोटं खुर्चीच्या हातावर काहीतरी चाचपत राहिली.

"खरं काय ते मला आता कळत नाही गं," ते म्हणाले. "तू सांग, मी तसं म्हणतो."

मी काय करणार होते?

"बरं वाटतंय, म्हणा," मी म्हणाले.

"बरं वाटतंय," ते म्हणाले.