गाडीवरच्या नातीला माझे फोन

माझ्या नातीला मी स्कूटरवरून पाडलं. तेही घरबसल्या, सोलकढीसाठी नारळ खवता खवता. ती मालवणहून घरी येत होती. मी कट्टा गावाजवळच्या आमच्या घरात विळीवर बसले होते. एवढ्या लांबून माणसाला पाडायचं म्हणजे अंगात काहीतरी विद्या हवी. माझ्याकडे मोबाइल होता.

तेव्हा मी अवघी अडुसष्ट वर्षांची होते. अक्कल यायची होती.

नात एका लॅबमध्ये नुकतीच लागली होती. सकाळी गावोगाव घरी जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांचं रक्त काढायचं, बाटल्या मालवणला लॅबमध्ये पोचवायच्या, उरलेला दिवस तिथेच काम करायचं आणि संध्याकाळी परत. स्कूटरशिवाय हे जमणारं नव्हतं. एसटीची वाट बघत बसलं असतं तर स्टँडवरच रक्त गोठलं असतं. पोरीकडे लायसन होतं, हेल्मेट होतं, आणि दुर्दैवानं आजीही होती.

मी मुळात भित्री नव्हे. लग्नानंतर नवऱ्याच्या मोटारसायकलवर मी एका बाजूला पाय सोडून, मांडीवर फणस घेऊन बसायची, आणि "जरा बेगीन चला हो, दशावतार सुरू होतलो!" म्हणून त्यांना मागून ढोसायची. वळणावर फणस एकीकडे, मी एकीकडे. आम्ही वाचलो यात माझं कर्तृत्व काही नाही. रस्त्यावर तेव्हा दुसरी गाडीच नव्हती.

आता तशी स्थिती नाही. चिऱ्यांचे ट्रक आहेत, डंपर आहेत, खाणीतून निघताना त्यांच्या चाकांनी रस्त्यावर आणून टाकलेली तांबडी माती आहे, आणि त्यातून वाट काढणारी विशी-बाविशीतली पोरं आहेत. आदल्या वर्षी शेजारच्या वाडीतला मुलगा असाच गेला. मी त्याच्या आईला भेटायला गेले. ती रडत नव्हती. येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारत होती, "गाडयेन इलास? सांभाळून जावा हां." ते ऐकून घरी आले ती मी वेगळीच होऊन आले.

जन्मभर शाळेत मास्तरणी होते. भीती वाटली की मला हजेरी घ्यावीशी वाटते. मी नातीची हजेरी फोनवर घ्यायला लागले. "निघालंस?" "खंय पोचलंस?" "थंय पाऊस आसा काय गो?" एकदा तिनं फोन उचलला नाही. मी लॅबला फोन केला, ओळखीच्या रिक्षावाल्याला रस्त्यावर पिटाळलं, देवाला नारळ बोलले. पोरगी पेट्रोल पंपावर टायरमध्ये हवा भरत उभी होती. रिक्षावाला तिला बघून भर पंपावर ओरडला, "गो बाय, तू जित्ती आसस? थंय आजयेन रडान गाव जमयल्यान!"

त्या दिवसापासून ती माझा प्रत्येक फोन उचलायला लागली. मला वाटलं, पोर सुधारली. ती चालत्या गाडीवर एका हातानं मोबाइल काढते आणि हेल्मेटच्या फटीतून कानाशी खुपसते, हे मला कोण सांगणार? आणि मी तरी कधी विचारलं?

तर त्या संध्याकाळी शेजारीण खबर घेऊन आली की मालवणात किनाऱ्यावर ताजी मासळी आलीय, पेडवे आलेत. मी खवणं न थांबवता फोन लावला.

"येताना बांगडे घेव नको, पेडवे घे."

"गो आजी, मालवण कधीच सोडलंय मी. आता खंयचे पेडवे?"

आणि मी म्हटलं, खरंच म्हटलं, "मगे परत फीर!"

त्यानंतर पत्रा दगडावर घासल्यासारखा आवाज आला. मग काहीच नाही. मी किती वेळ "हॅलो, हॅलो" करत होते ते मला आठवत नाही. खवलेल्या खोबऱ्यात मांजर तोंड घालून बसलं होतं, तेवढं आठवतं.

उतारावर, खाणीच्या तोंडाशी, ओल्या मातीवरून स्कूटर घसरली होती. एक हात मोबाइलवर, ब्रेकला उरला एकच. मागून डंपर येत होता. त्याच्या ड्रायव्हरनं अंतर राखलं होतं म्हणून तो वेळेत थांबला. हेल्मेटला खोक पडली, नातीच्या डोक्याला काही नाही. उजवं मनगट मोडलं.

दवाखान्यात माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, पलंगाशी उभा राहून सगळा निकाल एका दमात देऊन मोकळा झाला. "उद्याच गाडी विकतंय. रक्त काढूचां काम बंद. घराकडे बसान काय ता शिक."

नात भिंतीकडे बघत होती. ते काम तिनं किती हट्टानं मिळवलं होतं ते मला माहीत होतं. बापाच्या नजरेत मात्र डंपर होता.

"पण पडलंस कशी?" त्यानं विचारलं.

"माती होती बाबा, रस्त्यार."

एकदा तिनं माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. वर्गात खिडकीची काच फुटली की "कोणी फोडली ते उभं राहून सांगा" असं मी इतकी वर्षं म्हणत आले. माझ्यावर वेळ आली तेव्हा मी तिच्या पायांवरची चादर नीट केली. मग परत एकदा नीट केली. चादरीला आणखी काही करता येईना, तेव्हा म्हटलं, "माती होती. पण माझो फोन चालू होतो."

"कित्याक?"

"पेडव्यांक."

"पेडव्यांक?" त्याचा आवाज असा चढला की पलीकडच्या पलंगावरचा माणूस उठून बसला.

"व्हय. तिका मागे फिरूक सांगलंय मी."

मग नात, प्लास्टरमधला हात छातीशी धरून, हळूच म्हणाली, "बाबा, गाडी नको विकू. आजयेचो फोन वीक."

मुलगा हसला नाही. पण गाडी विकली गेली नाही. प्लास्टर निघेपर्यंत ती पडवीत उभी राहिली आणि घरात नवा कायदा आला. गाडी सुरू करायच्या आधी मोबाइल स्कूटरच्या डिकीत जाणार. निघताना पोर एकदा सांगणार. त्यानंतर ती दारात दिसेपर्यंत घरातल्या कोणीही तिला फोन करायचा नाही. कोणीही म्हणताना मुलगा माझ्याकडे बघत होता. सूनबाईनं हळूच त्याला आठवण करून दिली की तोही रोज दुकानातून दोनदा करतो. त्यावर तो पाणी प्यायला आत गेला.

घरचा कायदा घरापुरता. वाडीतल्या बाकीच्या आज्यांचं काय? दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या गाड्या, अगदी डंपरसुद्धा, धुऊन, झेंडूच्या माळा घालून देवळासमोर उभ्या करतात. गावचा मानकरी गावकार देवाला गाऱ्हाणं घालतो, म्हणजे गावाचं मागणं मोठ्यानं बोलून दाखवतो, आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. मी आदल्या दिवशी गावकाराकडे गेले. म्हटलं, यंदा माझं एक वाक्य त्यात घाला.

"बाई, गाऱ्हाण्यात फोन? देवाक फोन काय म्हायत?"

"डंपर म्हायत झालो ना? फोनय होतलो."

त्यानं डोकं खाजवलं, पण दसऱ्याला नारळ हातात घेऊन त्यानं खणखणीत आवाजात घातलं, "बा देवा म्हाराजा! जी पोरां आज तुझ्या पायाकडे गाडयो घेवन इली आसत, तेंका सुखरूप ने, सुखरूप हाड!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या डोक्यार हेल्मेट र्‍हवांदे!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा बारीक आवाजात.

"आणि पोरां गाडयेर असताना जी मोठी माणसां फोन करतत, तेंका बुद्धी दी म्हाराजा!"

यावर पोरांनी असा "व्हय म्हाराजा" ठोकला की वडावरचे कावळे उडाले. बायकांत माझ्याशेजारी उभी असलेली शेजारीण, तीच पेडव्यांची, मला कोपरानं ढोसून म्हणाली, "तुझा पाप आमच्या माथ्यार कित्याक गो?" पण तोंडानं तीही व्हय म्हाराजा म्हणत होती.

प्लास्टर निघालं होतं. दुसऱ्या दिवशी नात पुन्हा कामावर गेली. संध्याकाळी "निघालंय" एवढं सांगून तिनं फोन ठेवला. नेहमीची वेळ झाली. टळली. मी मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवला आणि डब्यावर पाट ठेवून त्यावर बसले. सून म्हणाली, "आई, भात रांधूचो आसा." मी म्हटलं, "चपात्या कर." मुलगा तिन्हीसांजेला पायरीवर उभा राहून रस्ता बघत होता, त्याचाही हात सारखा खिशाकडे जात होता. मी तिथूनच खाकरले की हात बाहेर यायचा.

मग वळणावर दिवा दिसला. गाडी सावकाश चढ चढून आली. नातीनं ती लावली, हेल्मेट काढलं आणि घाईनं आत येऊन मला पाटावर बसलेली बघितलं. वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि एकदम खाली बसत म्हणाली,

"वाटेत दोनदा गाडी बाजूक लावन फोन बघलंय गो. तुझो एकय नाय! माका वाटलां, आज आजीच गेली."