न झालेली सात मिनिटं

याकोबसर गेल्याचं मला गावाच्या कबड्डीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कळलं. वर आमच्या संघाने सोनईत केलेल्या पकडीचा व्हिडिओ, खाली कुणाच्या तरी दंडाचा फोटो, आणि या दोहोंच्या मध्ये ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. पुढच्या दहा मिनिटांत जोडलेल्या हातांच्या चित्रांचा पाऊस पडला. सहा वर्षं सरांना रस्त्यात पाहून मान फिरवणाऱ्यांचे हात सगळ्यांत आधी जोडले गेले. संध्याकाळपर्यंत चौकात फ्लेक्स लागला, ‘कबड्डीचे भीष्माचार्य’. दर रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या माणसाला भीष्माचार्य करून टाकलं! आणि फोटोत सरांच्या शेजारी तो करंडक. तोच, ज्याच्याकडे सरांनी मरेपर्यंत ढुंकून पाहिलं नाही. फ्लेक्सवाल्याला ते माहीत नसेल, पण मजकूर देणाऱ्याला चांगलं माहीत होतं.

गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर त्याचाही अभिमान वाटायचा लोकांना. नेवाशाकडून श्रीरामपूरला जाताना वाटेत लागतं, एवढं पुरे. आमच्या दवाखान्यात डॉक्टर नाही, नळाला चार दिवसांनी पाणी येतं, पण मैदानाची माती दर दिवाळीनंतर चाळून घेतली जाते. पोरीला स्थळ आलं की मुलगा काय करतो याच्या आधी तो कोणत्या कोपऱ्यात खेळतो हे विचारतात. हसू नका, मी स्वतः विचारलेलं आहे. मी त्यातलाच. शाळेत मराठी शिकवायचो आणि सुट्टीच्या दिवशी सामन्यांना टेबलावर बसून गुण लिहायचो. याकोबसर त्याच शाळेत खेळाचे शिक्षक आणि आमच्या स्पर्धेचे मुख्य पंच. वीस वर्षं त्यांनी हात वर करायचा आणि मी कागदावर लिहायचं, असा आमचा संसार.

सर कसे होते हे सांगायला एक गोष्ट पुरेशी आहे. एका उपांत्य सामन्यात त्यांच्या सख्ख्या पुतण्याचा पाय बाहेर पडला. बोटभर पडला असेल, कुणी पाहिलाही नव्हता. सरांनी त्याला बाद दिलं. पुतण्या तिथेच वाद घालायला लागला, तेव्हा म्हणाले, “रात्री जेवायला ये घरी, पण आत्ता बाहेर हो.” तो आठ दिवस जेवायला आला नाही. मी सरांना म्हटलं, एवढं कशाला ताणायचं? तर म्हणाले, “शिंदे, रेषा चुन्याची असती. आपन मानली तरच ती रेषा.” गावाला हे बोलणं फार आवडायचं... दुसऱ्याचा पाय बाहेर पडत असेल तोवर.

आमच्याकडे अंतिम सामन्याला मैदानाभोवती उसाच्या ट्रॉल्या लावायची पद्धत होती. गॅलरी बांधायची अक्कल कुणाला नव्हती आणि ट्रॉल्या फुकट होत्या. दोन चाकांची ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असते तोवर ठीक. पण ऊसतोडीचे दिवस, ट्रॅक्टर फॅक्टरीकडे पाहिजेत, म्हणून ट्रॉली उभी करून ट्रॅक्टर सोडवून न्यायचे. तोंडाखाली एक लोखंडी पाय, आणि वर साठ-सत्तर माणसं. सहा वर्षांपूर्वी त्या सकाळी सर आयोजकांचे अध्यक्ष आप्पा यांना म्हणाले होते, “मागं गर्दी झाली तर तोंड उचलंल हे. मानसं चढवू नका.” आप्पा हसले. म्हणाले, “सर, तुमी रेषा बघा. ट्रॉल्या आमी बघतो.”

दुपारी साडेतीनचा सुमार. दोन्ही संघ बरोबरीत होते. आमच्या कप्तानाने एकाच चढाईत तिघांना बाद केलं आणि तो कडेच्या एका ट्रॉलीच्या मागच्या टोकाकडे धावत गेला. त्याला पाहायला ट्रॉलीवरची सगळी माणसं मागे सरकली. ट्रॉलीचं तोंड वर गेलं, मागचा भाग जमिनीला टेकला आणि माणसं पोत्यांसारखी खाली ओतली गेली. खाली चहाची गाडी लावून भिमाजी उभा होता. तो आणि वरून पडलेला एक म्हातारा, दोघंही श्रीरामपूरच्या दवाखान्यात पोहोचायच्या आधीच गेले. हे कळायला आम्हाला तासभर लागला. पण भिमाजी कसा पडलाय हे मैदानातून सगळ्यांना दिसत होतं. मलाही दिसत होतं.

जखमींची जीप फाटकाबाहेर पडली नाही तोच आप्पा आले. “सर, वाजवा शिट्टी. सातच मिनिटं ऱ्हायलीत. आपन तीननं पुढं हाय.”

“आप्पा, तिथं रगत सांडलंय.”

“मानसं नेली की दवाखान्यात. आपन थांबून ती बरी हुनारेत का?”

सरांनी शिट्टी खिशात टाकली. “मॅच थांबली,” म्हणाले, आणि माझ्या टेबलाशी आले. “शिंदे, चला.” मी म्हटलं, “आलोच.” ते फाटकाकडे चालू लागले. आप्पांचा मेहुणाही यादीतला पंच. त्याने समोरच्या दुकानातून नवी शिट्टी आणली आणि तोच मैदानात उतरला. पाहुण्या संघाला सांगितलं, खेळला नाहीत तर हरलात. ती बिचारी पोरं खेळली. सात मिनिटं मी इमानेइतबारे गुण लिहिले. अक्षर सुरेख आलं होतं. आम्ही जिंकलो.

सरांनी जिल्ह्याच्या संघटनेला रिपोर्ट पाठवला आणि सामना रद्द ठरला. गावाने करंडक परत केला नाही. त्या दिवसापासून गावात दोन जाती झाल्या, ‘मॅच झाली’वाले आणि ‘मॅच झाली नाही’वाले. एकमेकांच्या लग्नाला जाणं बंद, मयतीलासुद्धा बघून जायचं. सरांच्या बाजूचे फार न्यायप्रिय होते असं समजू नका. निम्मे फक्त आप्पांवर जळणारे होते. भिमाजीच्या बायकोला चहाची गाडी झेपते का, हे दोन्हींपैकी एकाही बाजूने विचारलं नाही. दर आठवड्याला तिच्याकडे जाऊन चहा पिणारे एकटे सर. पालकांनी त्यांच्या पहाटेच्या सरावातून पोरं काढून घेतली. पहाटे रिकाम्या मैदानावर सर एकटेच चालायचे.

सामना पुढे चालवणाऱ्या सगळ्यांची नावं संघटनेने पंच आणि गुणलेखकांच्या यादीतून काढली. मेहुण्याचं गेलं, दोन्ही साहाय्यक पंचांचं गेलं. माझं राहिलं. आप्पा डोळे मिचकावून म्हणाले, “आमी हाय की वर.” मी सहा वर्षं त्या माणसाचे उपकार मानले. दिवाळीला त्याच्या घरी फराळाचा डबा पोहोचवला. सरांकडे जायचं मात्र टाळलं... लोक काय म्हणतील!

शोकसभेत आप्पांनी सरांच्या नावाने नवा करंडक जाहीर केला. टाळ्या पडल्या. मग मला म्हणाले, चार शब्द बोला. मी उठलो, म्हणालो, “सर फार शिस्तीचे होते,” आणि बसलो. एवढाच काय तो माझा पराक्रम.

परवा सरांच्या घरी वहिनींकडे गेलो. सरांच्या खोलीत त्यांची बसायची खुर्ची खिडकीशी तशीच होती. वहिनींनी टेबलाच्या खणातून रिपोर्टाची प्रत काढली आणि माझ्यापुढे ठेवली. “तुमाला दावायची का, असं मी लई डाव विचारलं. ते म्हनायचे, शिंदेंनी मागितली तर दे. तुमी कवा मागितलीच न्हाई.”

सरांचं टपोरं अक्षर. ट्रॉली, वेळ, गुणसंख्या, सगळं जिथल्या तिथे. आणि शेवटून दुसरी ओळ: ‘गुणलेखक श्री. शिंदे यांनी माझ्यासोबत मैदान सोडले. पुढील नोंदी त्यांच्या नाहीत.’

पुतण्याला बोटभर माफ न करणाऱ्या माणसाने माझ्यासाठी हे लिहिलं होतं. मी ती ओळ तीन वेळा वाचली. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या, तेव्हा मी त्या खुर्चीकडे पाठ करून बसलो. लाज वाटली, दुसरं काही नाही.

सरांच्या रिपोर्टात एवढी एकच ओळ खोटी आहे. ती मी इथे खोडतो. सर एकटेच गेले. मी शेवटची शिट्टी होईपर्यंत लिहीत होतो.