अर्ध्या बॉनेटचं वॅक्स

इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीतल्या अकरा गाड्या धुवायला मल्हारीकडे होत्या. घरची झेंडूची शेती भाऊ बघतो आणि मल्हारी आमच्या गाड्या बघतो, अशी त्यांची वाटणी. अंगकाठी किरकोळ, बोलणं त्याहून किरकोळ. दाराच्या फटीत बोट घालून धूळ काढणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. कुणी काही सांगितलं की आधी शंका घ्यायची, ही खोड मात्र निवृत्त झाली नाही. बायको प्रतिभा म्हणते, मला पाणी ओलं आहे हेसुद्धा पटवून द्यावं लागतं.

यंदा दसऱ्याच्या आधी मेनरोडला गाड्या चकाचक करून देणारं नवं दुकान निघालं. आमचे चेअरमन शेखरराव तिथून गाडी लखलखीत करून आले आणि सगळ्यांच्याच गाड्या तिकडे द्यायचं त्यांनी मनात घेतलं. कोजागिरीनंतरच्या रविवारी सभेत ठरणार होतं. पार्किंगमध्ये माझ्यासमोरच त्यांनी मल्हारीला गाठलं.

"अरे, वॅक्स तर तूही लावतोस. मग अशी चमक का येत नाही?"

"वॅक्सनं चमक येत नाय साहेब," मल्हारी म्हणाला. "चमक धुण्याची न् पॉलिशची. वॅक्स नुसती रंगाची राखण करतं. काळ्या गाडीवर जरा खुलल्यावानी दिसंल, पांढऱ्यावर तेबी नाय."

पोटावर पाय यायची वेळ आलेली, आणि हा गिऱ्हाइकाला हे सांगतोय. गप्प बसला असता तरी चाललं असतं. मला त्याचा रागच आला. त्या रागात मी म्हणालो, "माझ्या पांढऱ्या गाडीच्या अर्ध्याच बॉनेटला लाव. बघू काय दिसतं ते."

त्याने मधोमध चिकटपट्टी लावून डाव्या अर्ध्याला वॅक्स लावलं आणि पट्टी काढली. मी चौघांना बोलावून विचारलं. तिघांनी उजवी, म्हणजे वॅक्स न लावलेली बाजू जास्त चमकते म्हणून सांगितलं. चौथे शेखरराव. ते हसत म्हणाले, "मग लावायचं तरी कशाला?"

"आज दिसायचं नाय," एवढंच मल्हारी म्हणाला.

दसऱ्याला प्रतिभाने नेहमीप्रमाणे ओल्या कुंकवाने बॉनेटच्या बरोब्बर मध्यावर स्वस्तिक काढलं आणि मल्हारीच्याच मळ्यातल्या झेंडूची माळ घातली. आमच्याकडे ते स्वस्तिक कोजागिरीपर्यंत पुसायचं नाही, असा तिचा नेम आहे. पाच दिवस गाडी उन्हात उभी होती.

कोजागिरीच्या सकाळी मल्हारीने ओलं फडकं फिरवलं. डावीकडचं कुंकू निघून गेलं. उजवीकडचं अर्धं स्वस्तिक गुलाबी डाग होऊन तसंच राहिलं. मी बघतच राहिलो. गेली सात वर्षं कुंकू पुसलं की जायचं, आणि ते तसं जाणारंच असतं अशी माझी समजूत होती. दर दसऱ्याच्या आधी हा माणूस न सांगता पूर्ण बॉनेटला वॅक्स लावत होता, हे मला त्या दिवशी कळलं.

"हात लावू नकोस," मी म्हणालो. "रविवारी सभेत सगळ्यांना खाली आणून दाखवतो."

"दोन दिस अजून ऊन खाल्लं तर लय मुरंल ते. मग जास्त घासावं लागंल. रंग तुमचाच जाईल."

"जाऊ दे. माझी गाडी आहे."

त्याने फडकं पिळलं. मी मसाला दुधासाठी दूध आणायला गेलो. परत आलो तर बॉनेट स्वच्छ. पॉलिशने हलक्या हाताने घासून त्याने डाग काढला होता आणि त्यावर वॅक्सही लावलं होतं. फोटो काढून ठेवायचं मला सुचलं नव्हतं. मी त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला, "गाडी अजून माझ्याकडं हाय ना, साहेब. डाग ठेवून कसं चालंल?"

रविवारी सभेत मी उभा राहिलो आणि घडलं ते सगळं सांगितलं. शेखरराव म्हणाले, "चला, डाग दाखवा." दाखवायला काही नव्हतं. उलट आयुष्यभर दुसऱ्यांकडे पुरावा मागणाऱ्याने विनापुराव्याचं बोलावं, याची सगळ्यांना गंमत वाटली. दहा गाड्या पुढच्या महिन्यापासून दुकानाकडे द्यायचं ठरलं. मल्हारीकडे माझी एकच राहिली.

महिना संपायला काही दिवस होते. त्या दिवसांत मल्हारी रोज तासभर लवकर यायला लागला. एका सकाळी खाली उतरलो तर तो शेखररावांच्या गाडीला वॅक्स लावत होता. बाकीच्या नऊ गाड्यांना लावून झालं होतं.

"ह्यांना कशाला आता?" मी विचारलं.

"दिवाळीत परत कुंकू लागंल," तो म्हणाला.

मी कोजागिरीला त्याच्यावर ओरडलो होतो, त्याची मला तिथे उभ्या उभ्या लाज वाटली. तेवढ्यात शेखरराव आले, गाडीत बसले आणि बॉनेटकडे न बघताच निघून गेले.