पिळाचा मफलर

"पीळ दिल्याबिगर बंध धरतच न्हाई, बाई!" असं म्हणत आक्का उजव्या मनगटाला एक झटका द्यायच्या. पिशवीचं तोंड असो, शेळीचं दावं असो नाहीतर सुनेची वेणी, तो झटका बसल्याशिवाय गाठ पडायची नाही. उमेदीची सगळी वर्षं ऊसतोडीत गेलेली. तिथं उसाची मोळी वाढ्यानंच, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यानंच बांधतात. वाढ्याला पीळ दिला नाही तर मोळी डोक्यावर चढायच्या आधीच सुटते. तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील, ज्यांचे हात त्यांचंच ऐकत नाहीत.

एका दुष्काळी वर्षी युसूफ वडगावच्या बायकांनी सहकारी संस्था काढली आणि क्रोशा शिकवायला अंबाजोगाईहून मला बोलावलं. बसायला जागा मिळाली दूध डेअरीची. जनावरं चारा छावणीत, दूध आटलेलं, त्यामुळे खोली रिकामीच होती. पुण्याच्या एका दुकानवाल्या बाईंना डोक्यातून घालायचे गोल मफलर हवे होते. आमच्या लोकरीला मात्र दुधाचा वास लागला तो लागलाच.

आक्का आल्या त्या सुनेला घेऊनच. सून पहिलटकरीण, आणि तोंडातून चकार शब्द नाही. घरातलं बोलायचं खातं आक्कांकडे होतं.

"माझं पोरगं फडात जलमलं, बाई. पाचटावर. नीट निजू बी दिलं न्हाई मला, लगीच मोळ्या उचलाया लावल्या. हिचं लेकरू घरात जलमलं पायजे. ह्ये तुमचं लोकरीचं जमलं तर आमी दोघी ऱ्हातो. न्हाई जमलं तर तोडीला न्याया मुकादमाचा ट्रॅक्टर हायच."

सुई त्यांनी भराभर आत्मसात केली. साखळीचा टाका काय, खांबाचा टाका काय, हात नुसता पळायचा. त्यांच्याभोवती कोंडाळं जमायचं आणि बायका माझ्याकडे कमी, आक्कांकडे जास्त बघायच्या. मला जरा रागच यायचा.

दुकानवाल्या बाई यायच्या होत्या त्या सकाळी मी मफलरांच्या घड्या घालायला बसले. एकाची घडी बसेना. वरच्या काठावरून बोट फिरवत गेले तर ते खालच्या काठावर निघालं. दुसरा घेतला, तेच. सगळा ढीग पिळलेला! साखळीची दोन टोकं जोडताना ती सरळ ठेवा, म्हणून मी कंठशोष केला होता. पण टोकं जोडायच्या आधी आक्कांच्या मनगटानं झटका दिला होता आणि बाकीच्यांनी तोही धडा समजून गिरवला होता. आता उसवायचं तर पार पहिल्या साखळीपर्यंत.

"आक्का, हे काय करून ठेवलंत?"

"कावून? सुटला का कुठं?"

"सुटला नाही हो, पिळलाय!"

"सुटला न्हाई न्हवं? मग झालं की."

म्हणाल्या खऱ्या, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. सुनेची सुई थांबली होती. तेवढ्यात बाहेर गाडी वाजली.

बाईंनी ढिगातला वरचाच मफलर उचलून गळ्यात घातला. मी मान खाली घातली. साधा गोल मफलर गळ्यापुढे लोंबतो. हा पिळापाशी दुमडून मानेला छान बसला.

"अरे वा, हा पुढे पडतच नाही! मुद्दाम असा केलाय का?"

मी तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाल्या, "तर! फुकटच मनगट मोडतो का आमी?"

ट्रॅक्टर या दोघींना न घेताच गेला. नात घरात जन्मली. बारशाला गेले तर आक्कांनी मला आधी पाळण्याची दोरी दाखवली. तिलाही पीळ होताच. मी हसले तर त्या लटक्या रागानं म्हणाल्या, "हसा! पडली का माझी नात?"

आक्का जाऊन बरीच वर्षं झाली. परवा त्या घरी गेले होते. सून अंगणात मुलीची वेणी घालत होती. रिबिनीची टोकं जवळ आणली आणि गाठ मारायच्या आधी तिच्या मनगटानं झटका दिला.

"आई, दुखतंय ना!"

"दुखू दी," आक्कांची ती मुकी सून म्हणाली. "पीळ दिल्याबिगर बंध धरत न्हाई."

मला आक्कांची फार आठवण आली. मी उगीच पिशवीत काहीतरी शोधत बसले.