छकुलीची पहिली हाक

चादरींच्या लाँड्रीत तिला सगळे अबोली म्हणत. फूल म्हणून नव्हे, बोलत नाही म्हणून. हॉस्पिटलांच्या आणि लॉजच्या चादरी तिथे ढिगांनी यायच्या, मोठाल्या मशिनांतून धुऊन-वाळून गरम गरम बाहेर पडायच्या, आणि मग दोन बायकांनी दोन टोकं धरून त्यांच्या घड्या घालायच्या. अबोलीच्या समोरचं टोक मावशीकडे असे. ही मावशी खरं तर कुणाचीच मावशी नव्हती, पण लाँड्रीत मालकासकट सगळ्यांची होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं. मशीन अडलं की मशिनाला शिवी, डाग निघाला नाही की डागाला शिवी, आणि दुपारी थोरला मुलगा डबा घेऊन आला की त्याला तर शिव्यांची आंघोळच. "आलास का मुडद्या? एवढ्या उन्हात डोक्यावर काही न घेता आलास, हलकटा?" तो चांगला मिशीवाला बाप्या हसत उभा राहायचा आणि आईच्या रुमालाला घाम पुसून जायचा.

अबोलीच्या माहेरी "गप्प बस" हेसुद्धा कुणी मोठ्यानं म्हणत नसे. मावशीच्या तोंडाची तिला सवय व्हायला बराच काळ गेला. घरच्या तोंडाची कधीच झाली नाही.

नवरा चपलांच्या मोठ्या दुकानात कामाला होता. गिऱ्हाईक आलं की त्याला गादीच्या स्टुलावर बसवायचं, स्वतः खाली एक गुडघा टेकायचा, त्याची टाच तळहातावर घेऊन बूट चढवायचा. "साहेब, हा जोड जणू तुमच्यासाठीच आलाय." "ताई, चालून बघा, घाई नाही." दुकानाचे मालक म्हणायचे, "हा माणूस नाही, मधाचं बोट आहे." सगळी खोकी उघडायला लावून रिकाम्या हातानं निघणाऱ्यालाही तो दारापर्यंत सोडायला जायचा.

घरी आला की बूट काढता काढताच त्याचं तोंड सुटायचं. आधी त्या गिऱ्हाइकांच्या नावानं, मग मालकाच्या, आणि मग समोर असायची ती बायको. तिला तो नावानं हाक मारत नसे. "टवळे, पाणी." "टवळे, टॉवेल कुठाय?" "कानात बोळे घातलेत का, टवळे?" याहून घाण शब्द रागाच्या दिवसांसाठी राखलेले होते. हा रोजच्या वापरातला. हात मात्र त्यानं कधी उगारला नाही, आणि तेवढं तो अधूनमधून बोलून दाखवायचा.

एकदा धीर करून ती म्हणाली, "अहो, निदान पोरीसमोर तरी नको."

"दिवसभर लोकांच्या पायाशी बसतो मी," तो म्हणाला. "तोंड दाबून. घरातही दाबू? मग माणसानं मोकळं व्हायचं कुठं?" वर म्हणाला, "आणि तिला काय कळतंय? बोलतेय कुठं अजून?"

ते मात्र खरं होतं. छकुली, म्हणजे त्यांची एकुलती एक, चालायला लागली, धावायला लागली, खुर्चीवर चढून दाराची कडी काढायला लागली, तरी तोंडातून शब्द नाही. तिच्या बरोबरीची पोरं गोष्टी सांगत होती आणि ही बोट दाखवून "अं अं" करत होती. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कान तपासले, जीभ पाहिली. म्हणाले, "सगळं ठीक आहे. काही मुलं उशिरा बोलतात. घरात तिच्याशी भरपूर बोला. दिसेल त्या वस्तूचं नाव सांगा."

अबोलीनं ते अगदी मनावर घेतलं. जन्मात जेवढी बोलली नसेल तेवढी ती बोलायला लागली. ही वाटी. हा चमचा. हे पाणी, गार पाणी. हा दिवा, लागला, विझला. पोरीला सांभाळायला घरी कोणी नव्हतं, म्हणून ती तिला लाँड्रीतही न्यायची. छकुली कपड्यांच्या टोपलीत बसून असायची आणि अबोली घड्या घालता घालता तिला ऐकवायची, ही चादर, ही उशी, ही वाफ, हात नाही लावायचा.

"पोरीचं राहू दे," मावशी म्हणाली, "आधी तुलाच वाचा फुटली बघ."

आणि मग एका सुट्टीच्या सकाळी छकुली बोलली. नवरा आरशासमोर दाढी करत होता. अबोली मोरीशी कपडे चोळत होती. छकुली रिकामा पेला घेऊन तिच्यामागे येऊन उभी राहिली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "तवले, पानी."

अबोलीनं साबणाच्या हातांनीच तिला उचललं. तिचे गाल, कपाळ, हनुवटी, जिथं मिळेल तिथं मुके घेतले. बोलली, माझी बाय बोलली! पाणी म्हणाली! पेला भरून तिच्या तोंडाला लावला तेव्हा कुठं पाण्याच्या आधीचा शब्द तिच्या कानातून आत पोचला. तरी वाटलं, ऐकण्यात चूक झाली असेल.

"काय म्हणालीस, बाळा?"

"तवले," छकुली म्हणाली आणि ओल्या तोंडानं तिच्या गळ्याला मिठी मारली.

नवऱ्याच्या हातातलं ब्लेड थांबलं. क्षणभर त्याचा चेहरा पडल्यासारखा वाटला, आणि मग तो हसायला लागला. फेस लागलेल्या गालांनी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. तसाच बाहेर जाऊन शेजारच्यांना सांगून आला. संध्याकाळी दुकानातला एक मित्र आला, त्याच्यासमोर तिला उभं केलं. "छकुले, ही कोण?" आईकडे बोट. "तवले." मित्र कसंनुसं हसला आणि चहा अर्धा टाकून उठला.

अबोलीनं तिला शिकवायचा चंग बांधला. स्वतःच्या छातीवर बोट ठेवायची. "मी कोण?" तवले. "आई म्हण. आ, ई." छकुली तिच्या ओठांकडे नीट बघायची, "आ... ई..." असं म्हणून दाखवायची, आणि लगेच शाबासकीसाठी हात पसरायची, "तवले, उचल!" झोप आली की कुशीत शिरून तेच पुटपुटायची. पडली, लागलं, की तेच ओरडत धावत यायची. अबोली ओ द्यायची. न देऊन करते काय? तिच्या आयुष्यात तो शब्द इतक्या मायेनं आजवर कुणी उच्चारला नव्हता.

लाँड्रीत तिनं हे मावशीला सांगितलं. मावशी आधी खो खो हसली. मग हसणं गिळून तिनं विचारलं, "तुझ्या घरात तुला आई म्हणून हाक कोण मारतं गं?"

"कोण मारणार? तिघंच तर आहोत."

"आणि तू पोरीशी बोलताना स्वतःला काय म्हणतेस?"

अबोलीनं आठवून पाहिलं. "मी म्हणते. मी देते, माझ्याकडे ये..."

"मी हे काय नाव झालं? घरातल्या चमच्याचं नाव सांगितलंस, दिव्याचं सांगितलंस, स्वतःचं तेवढं राहिलं. ते तुझ्या नवऱ्यानं शिकवलं."

चादरीचं टोक अबोलीच्या हातात तसंच राहिलं. ती म्हणाली, "तुम्हीही शिव्या देताच की मावशी. मुलांना, सगळ्यांना."

"देते ना. थोरल्याला ठाऊक आहे, मी मुडद्या म्हटलं की त्या दिवशी ताटात एक घास जास्त पडणार." मावशीनं चादर झटकली. "पण धाकट्याला कधी इथं डबा घेऊन आलेला पाहिलास? त्याला नाही सोसलं माझं तोंड. एका आईची दोन पोरं, एकच शिवी. एकाला लागली, एकाला नाही. मला काय विचारतेस? तोंड आवरता आलं असतं तर मीच नसतं का आवरलं, मेलीनं?"

पुढे छकुलीला बालवाडीत घातलं. सुटायच्या वेळी आया फाटकाशी उभ्या असत. अबोली दिसली की छकुली अंगणाच्या त्या टोकाकडून दोन्ही हात वर करून धावत सुटायची, "तवले आली! माझी तवले आली!" पहिले काही दिवस कुणाला अर्थ लागला नाही. मग एका आजीबाईंना लागला, आणि त्यांच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. बालवाडीच्या बाईंनी दोघांना बोलावून घेतलं.

खोलीत मुलांच्याच बुटक्या खुर्च्या होत्या. नवरा गुडघे जुळवून बसला आणि बाईंनी विषय काढायच्या आत हात जोडून म्हणाला, "बाई, चूक आमचीच. हिला लाँड्रीत जावं लागतं, नाइलाज आहे. पोरगी इतके दिवस तिथंच वाढली. तिथल्या बायकांची तोंडं म्हणजे... तुमच्यासमोर सांगायचीही लाज वाटते. एक मावशी तर अशी आहे की विचारू नका."

बाई सुस्कारा टाकून अबोलीकडे वळल्या. "मुलं म्हणजे टीपकागद असतात हो. आपण बोलतो ते जसंच्या तसं टिपतात. निदान मुलीसमोर तरी तुम्ही जरा जपून बोलत चला."

अबोलीनं तोंड उघडलं. सांगायचं खूप होतं. बाहेर एवढंच आलं, "मी नाही बोलत."

"सगळेच पालक असं म्हणतात," बाई समजुतीनं हसल्या.

नवऱ्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे. आपण दोघं मिळून सुधारू."

फाटकाबाहेर आल्यावर अबोली जागीच उभी राहिली. "माझं नाव घेतलंत तुम्ही."

"मग काय स्वतःचं घेऊ? त्या बाई आमच्या दुकानात येतात. सगळं घर येतं त्यांचं. त्यांच्या पायात बूट घालताना मी तोंड कुठं लपवू?" आणि चार पावलं पुढे जाऊन तो म्हणाला, "चल टवळे, उशीर होतोय."

बालवाडीत इतर मुलांचं ऐकून छकुली महिन्याभरात "आई" म्हणायला लागली. तवले गेली. अबोलीला हायसं वाटलं, आणि एका दुपारी घड्या घालताना एकाएकी रडूही आलं. मावशीनं नुसतं चादरीचं टोक धरून ठेवलं. नवऱ्यानंही काही दिवस जीभ आवरली. पण तो शब्द गेल्यावर बायकोला हाक मारायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच. ताट वाजवायचा, दार वाजवायचा. मग कंटाळून पुन्हा पहिल्यासारखा बोलायला लागला.

छकुली शाळेत जायला लागल्यावरची गोष्ट. सकाळी अबोली तिची वेणी घालत होती. कंगवा गुंत्यात अडकला, केस ओढले गेले. छकुली झटक्यात वळली आणि म्हणाली, "टवळे, दुखतंय ना!"

आता तिला ट येत होता, ळ येत होता. सूरही आला होता, बापाचा, अगदी हुबेहूब. हे नाव नव्हतं. ही शिवी होती, आणि देणारीला ते पक्कं ठाऊक होतं.

नवरा आतून आला आणि त्यानं तिच्या कानशिलात लगावली. "आईला शिवी देतेस?"

"तुम्ही देता!" छकुली किंचाळली.

"मी मोठा आहे," तो म्हणाला आणि त्यानं पुन्हा हात उचलला.

तेव्हा अबोलीचं तोंड सुटलं. मेल्या, मुडद्या, हलकटा, मावशीकडून ऐकून चादरींबरोबर जेवढ्या शिव्या घड्या करून ठेवल्या होत्या त्या सगळ्या उलगडल्या. त्या संपल्या तेव्हा त्यानंच रागाच्या दिवसांसाठी राखलेल्या, तिलाच दिलेल्या, त्या एकेक करून त्याला परत केल्या. श्वाससुद्धा घेतला नाही. शेजारची दारं उघडली. जिन्यातून चढणारा दूधवाला जागीच थांबला.

नवऱ्याचा हात हळूच खाली आला, आणि तो दुकानातल्या आवाजात, अगदी मऊ, म्हणाला, "बघितलंस ना छकुले? बघितलंस, आई कशी बोलते?"

छकुलीचा गाल लाल झाला होता. ती भेदरून आईकडे बघत होती. मग धावली, आणि बापाच्या कमरेला बिलगली.

आईचं ते सुटलेलं तोंड, एवढंच तिच्या लक्षात राहिलं. माणसाची आठवण कुठं सुरू व्हावी हे कुणाच्या हाती नसतं. छकुलीची त्या सकाळी सुरू झाली. शेजाऱ्यांच्याही लक्षात तेच राहिलं. नवऱ्याचं रोजचं बोलणं भिंतींना मुरलं होतं, ते कुणाला ऐकू येईनासं झालं होतं. तिचं एकदाच झालं, म्हणून वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. लाँड्रीवाली बाई, तोंडाची फार वाईट.

छकुली शिकली, एका दवाखान्यात नावं नोंदवायच्या टेबलाशी बसायला लागली, "बसा हं, लगेच बोलावते" असं गोड बोलायला लागली. लग्न झालं, मूल झालं. बाळ बोबडे बोल बोलायला लागलं तशी ती त्याला घेऊन माहेरी आली. जावईही होता. नवरा आता दुकानातून निवृत्त झाला होता, गुडघे गेले होते, केस पांढरे आणि चेहरा भलता सात्त्विक दिसायला लागला होता. नातू त्याच्या मांडीवर होता.

छकुली हसत म्हणाली, "आई, याच्यासमोर तेवढं तोंड सांभाळ हं. हल्ली जे ऐकतो ते लगेच बोलतो."

"मी काय बोलते गं?"

"हल्ली नाही बोलत. पण मला आठवतंय ना. सगळा जिना गोळा झाला होता."

अबोलीनं विचारलं, "त्याआधीचं काय आठवतं तुला?"

"त्याआधीचं काय?" छकुलीनं खरोखरच विचारलं.

सांगितलं असतं तर पोरीनं ते खोटं मानलं असतं, नाहीतर खरं मानून जन्मभर मान खाली घातली असती. अबोलीला दोन्ही नको होतं.

"काही नाही," ती म्हणाली. "सांभाळीन."

"जाऊ दे गं छकुले," नवरा म्हणाला, "तिचा स्वभावच तसा. मनानं वाईट नाही ती."

जावई मान हलवून हसला. अबोलीनं बाळाची दुधाची बाटली उचलली आणि ती उकळायला ठेवायला आत गेली. पाणी गरम व्हायला वेळ होता. बाहेर नवरा नातवाशी बोलत होता, आणि काय गोड बोलत होता.